जोडीदार गेल्यावर अमेरिकेतला टॅक्स रिटर्न: कोणत्या वर्षी कोणतं स्टेटस?

अमेरिकेत जोडीदाराचं निधन झालं की मागे राहिलेल्या माणसापुढे कागदांचा ढीग उभा राहतो. डेथ सर्टिफिकेटच्या प्रती, इन्शुरन्सचा क्लेम, जॉइंट अकाउंट, गाडीचं टायटल, आणि तिकडे पुण्या-नागपुरात दिवसकार्याची बोलणी. याच धांदलीत एप्रिलची १५ तारीख येते. फॉर्म १०४० च्या पहिल्या पानावर पाच चौकोन असतात: सिंगल, मॅरिड फायलिंग जॉइंटली, मॅरिड फायलिंग सेपरेटली, हेड ऑफ हाउसहोल्ड (अविवाहित, पण मुलाचा किंवा आई-वडिलांचा घरखर्च उचलणारा) आणि क्वालिफाइंग सर्व्हायव्हिंग स्पाउस. त्यातल्या एकावरच खूण करायची. हात आपसूक ‘सिंगल’कडे जातो, कारण घरात आता दुसरं मोठं माणूस उरलेलं नसतं. मृत्यूच्या वर्षासाठी ती खूण चुकीची आहे. घरात मूल असेल तर पुढच्या दोन वर्षांसाठीही बहुतेक वेळा चुकीचीच. आणि या चुकीपायी काही हजार डॉलर जास्तीचे भरले जातात, तेही घरात एकच पगार उरलेला असताना.

मृत्यूचं वर्ष

तुम्ही विवाहित की अविवाहित, हे आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, ३१ डिसेंबरच्या स्थितीवरून ठरवतं. घटस्फोट ३० डिसेंबरला झाला तरी ते अख्खं वर्ष तुम्ही अविवाहित. मृत्यूला मात्र हा नियम लागू नाही. जोडीदार वर्षाच्या कुठल्याही तारखेला गेला, अगदी २ जानेवारीला, तरी ३१ डिसेंबरपर्यंत तुम्ही दुसरं लग्न केलं नसेल तर ते संपूर्ण वर्ष तुम्ही विवाहितच धरले जाता. म्हणजे त्या वर्षाचा रिटर्न जॉइंट भरता येतो.

त्या जॉइंट रिटर्नमध्ये गेलेल्या व्यक्तीचं उत्पन्न मृत्यूच्या तारखेपर्यंतचं येतं आणि तुमचं बारा महिन्यांचं. स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून मिळणारी ठरलेली सरसकट वजावट) मात्र महिन्यांच्या हिशेबाने कापलं जात नाही, जोडप्याचं पूर्ण मिळतं. २०२५ साठी ते ३१,५०० डॉलर आहे, सिंगलला १५,७५०.

इथे एक गोष्ट पुष्कळदा निसटते. मृत्यू फेब्रुवारी-मार्चमध्ये झाला असेल तर आदल्या वर्षाचा रिटर्न अजून भरायचा असतो. तोही जॉइंटच भरता येतो आणि त्यावर सहीही पुढे सांगितली आहे तशीच करायची. म्हणजे जॉइंट रिटर्न दोन: एक आदल्या वर्षाचा, एक मृत्यूच्या वर्षाचा. घाई होत असेल तर फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत घ्या. पण ही मुदत रिटर्न भरण्याची आहे, पैसे भरण्याची नाही. टॅक्स निघेल असं वाटत असेल तर अंदाजाने का होईना, एप्रिलमध्येच भरून टाका, नाहीतर व्याज चालू होतं.

आता सही. ई-फाइल केलं तर सॉफ्टवेअर मृत्यूची तारीख विचारतं आणि पुढचं बरंचसं तेच करतं. कागदी रिटर्नवर मृत्यूची नोंद आणि तारीख वरच्या भागात येते. शेवटी सह्यांच्या दोन ओळी असतात. एकीवर तुमची सही. दुसऱ्या ओळीवर जोडीदाराची सही कधीही, कुठल्याही कारणाने करू नका. त्या जागी ‘फायलिंग अ‍ॅज सर्व्हायव्हिंग स्पाउस’ असं इंग्रजीत लिहायचं. कोर्टाने एक्झिक्युटर किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर (गेलेल्या व्यक्तीच्या मालमत्तेचा कारभार पाहणारा) नेमला असेल तर तुमच्याबरोबर त्याची सही लागते. रिफंडसाठी फॉर्म १३१० जोडावा लागतो असं बरेच जण सांगतात. जोडीदार म्हणून मूळ जॉइंट रिटर्न भरताना तो लागत नाही.

जॉइंट कधी भरू नये

बहुतेकांना जॉइंटच फायद्याचं पडतं. पण जॉइंट रिटर्नवर सही करणं म्हणजे त्या रिटर्नमधल्या सगळ्या टॅक्सची जबाबदारी अंगावर घेणं. उत्पन्न कोणाचं होतं, हे आयआरएस नंतर विचारत बसत नाही. आपल्या घरांमध्ये ही अडचण हमखास एका ठिकाणाहून येते, ती म्हणजे भारतातली खाती. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या खात्यातल्या) डिपॉझिटवरचं व्याज भारतात करमुक्त असतं, म्हणून अनेक जण ते अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवत नाहीत. अमेरिकेत ते करपात्र आहे. शिवाय परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार, म्हणजे फिनसेन फॉर्म ११४, भरावा लागतो. तो टॅक्स रिटर्नपेक्षा वेगळा असतो आणि गेलेल्या व्यक्तीच्या शेवटच्या वर्षासाठीही लागतो.

म्हणून रिटर्नवर सही करण्याआधी जोडीदाराच्या नावावरची भारतातली खाती, फिक्स्ड डिपॉझिट्स, म्युच्युअल फंड, गावच्या घराचं भाडं यांची यादी करा. सासरच्या मंडळींना विचारा, जुने ईमेल चाळा. मोठी रक्कम दडलेली आहे, किंवा जोडीदाराच्या धंद्याचा टॅक्स थकला आहे असं दिसलं, तर त्या वर्षासाठी मॅरिड फायलिंग सेपरेटलीचा विचार खरोखर करावा लागतो. त्यात टॅक्स जास्त जातो, शिक्षणाचे क्रेडिट (थेट टॅक्समधून वजा होणारी सूट) आणि स्टुडंट लोनच्या व्याजाची वजावट मिळत नाही, आणि एका रिटर्नमध्ये आयटमाइझ केलं (सरसकट वजावटीऐवजी एकेक खर्च दाखवला) तर दुसऱ्यालाही स्टँडर्ड डिडक्शन घेता येत नाही. पण दुसऱ्याच्या थकबाकीपासून तुम्ही वेगळे राहता.

सेपरेटचं आणखी एक कारण म्हणजे हॉस्पिटलचा खर्च. औषधोपचाराची वजावट उत्पन्नाच्या ७.५ टक्क्यांवरच्या खर्चालाच मिळते. आजारी माणसाचं उत्पन्न थोडं, जोडीदाराचं भरपूर आणि बिलं प्रचंड असतील तर सेपरेट रिटर्नमध्ये ही पायरी खाली येते. दोन्ही पद्धतींनी आकडे काढून पाहिल्याशिवाय हा निर्णय घेऊ नका.

सेपरेट भरून नंतर जॉइंट करायचं असेल तर मूळ मुदतीपासून तीन वर्षांत बदल करता येतो. उलट मात्र होत नाही. मुदत उलटली की जॉइंटचा सेपरेट करता येत नाही. अपवाद एकच: तुम्ही एकट्याने भरलेला जॉइंट रिटर्न नंतर नेमलेला एक्झिक्युटर मुदतीपासून एका वर्षात रद्द करू शकतो.

पुढची दोन वर्षं

मृत्यूच्या वर्षानंतरच्या दोन टॅक्स वर्षांसाठी क्वालिफाइंग सर्व्हायव्हिंग स्पाउस हा चौकोन असतो. २०२१ च्या रिटर्नपर्यंत त्याचं नाव ‘क्वालिफाइंग विडो(अर)’ होतं. जुनी मंडळी आणि काही राज्यांचे फॉर्म अजून तेच नाव वापरतात. या स्टेटसमध्ये टॅक्सचे टप्पे आणि स्टँडर्ड डिडक्शन जोडप्याइतकंच मिळतं. मृत्यू ३० डिसेंबर २०२४ ला झाला तर २०२४ चा रिटर्न जॉइंट, २०२५ आणि २०२६ या स्टेटसचे. तोच मृत्यू चार दिवस उशिरा, ३ जानेवारी २०२५ ला झाला असता तर जॉइंट २०२५ पर्यंत आणि हे स्टेटस २०२७ पर्यंत गेलं असतं. चोवीस महिने मोजू नका, कॅलेंडरची वर्षं मोजा.

फरक किती पडतो ते २०२५ च्या आकड्यांवर पाहा. एक मूल, एक पगार, १,२०,००० डॉलर, दुसरं काही उत्पन्न नाही. सर्व्हायव्हिंग स्पाउस म्हणून करपात्र रक्कम ८८,५०० उरते आणि टॅक्स सुमारे १०,१५० डॉलर होतो. हेड ऑफ हाउसहोल्ड म्हणून सुमारे १४,४००. सिंगल म्हणून सुमारे १७,८७०. मुलाचं क्रेडिट तिन्हीकडे सारखंच, ते इथे धरलेलं नाही. चुकून सिंगलवर खूण केली तर वर्षाला जवळपास ७,७०० डॉलरचा फटका.

हे स्टेटस मिळण्याच्या अटी चार. मृत्यूच्या वर्षी तुम्हाला जॉइंट रिटर्न भरण्याचा हक्क होता. प्रत्यक्ष भरला की नाही याला महत्त्व नाही. तुम्ही दुसरं लग्न केलेलं नाही. तुमचं स्वतःचं, दत्तक किंवा सावत्र मूल वर्षभर तुमच्या घरी राहिलं. आणि घर चालवण्याचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही केला. फॉस्टर मूल किंवा नातवंड इथे चालत नाही. मूल लहानच असलं पाहिजे असं नाही. पंचविशीतला मुलगा वर्षभर घरी आहे, त्याचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही उचलता, पण त्याची कमाई डिपेंडंट (रिटर्नमध्ये तुमच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती) धरण्याच्या मर्यादेपलीकडे (२०२५ साठी ५,२०० डॉलर) गेली, तर तो डिपेंडंट धरता येत नाही. या स्टेटससाठी मात्र तो चालतो.

‘वर्षभर तुमच्या घरी’ ही अट आपल्याकडे सगळ्यात जास्त अडते. आई किंवा बाबा गेल्यावर मुलाला काही महिने आजी-आजोबांकडे ठेवायचं, हे आपल्या घरांत अगदी स्वाभाविक आहे. सुट्टी, आजारपण किंवा शिक्षणासाठी मूल तात्पुरतं बाहेर असेल आणि परत येणार हे उघड असेल, तर ते दिवस घरातलेच धरले जातात. कॉलेजच्या हॉस्टेलवर राहणारी मुलगीही घरातलीच. पण मुलाचं नाव ठाण्याच्या शाळेत घातलं, इथल्या शाळेतून दाखला काढला, परतीचं काही ठरलेलंच नाही, तर ती तात्पुरती गैरहजेरी म्हणणं अवघड होतं. मुलाला पाठवणार असाल तर परतीचं तिकीट, इथल्या शाळेतली जागा, डॉक्टरच्या अपॉइंटमेंट यांचे कागद जपून ठेवा. जन्म किंवा मृत्यूमुळे मूल वर्षाचा काही भागच घरात असेल तर त्याला वेगळी सवलत आहे.

खर्चाचा हिशेब कसा करायचा? भाडं किंवा मॉर्गेजचं व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, घराचा विमा, दुरुस्ती, वीज-गॅस-पाणी, कामवाली आणि घरात शिजलेलं-खाल्लेलं अन्न एवढंच त्यात येतं. कपडे, शाळेची फी, डॉक्टर, लाइफ इन्शुरन्सचा हप्ता, भारतवारी, पेट्रोल यातलं काही येत नाही. धरा, भाडं महिना २,४०० म्हणजे वर्षाला २८,८००, किराणा ८,४००, वीज-पाण्याची बिलं ३,०००. एकूण ४०,२००, निम्मे २०,१००. आता भाऊ सोबतीला राहायला आला आणि आठ महिन्यांचं भाडं त्याने परस्पर घरमालकाला दिलं. ते १९,२०० झाले, तुमच्या वाट्याला २१,००० उरले, अट पूर्ण. त्याने नववा महिनाही भरला की त्याचे २१,६०० आणि तुमचे १८,६००. एका महिन्याच्या भाड्याने स्टेटस गेलं. मदत नाकारायची नाही. त्याला गाडीचा हप्ता किंवा मुलाची फी भरू द्या, भाडं तुमच्या खात्यातून जाऊ द्या. लाइफ इन्शुरन्सचे पैसे तुमच्या नावावर आले की ते तुमचेच, त्यातून भरलेलं भाडं तुम्हीच भरलेलं. त्या मूळ रकमेवर इन्कम टॅक्सही नाही, फक्त वर मिळालेल्या व्याजावर आहे.

जॉइंटच्या सगळ्याच सवलती मात्र या स्टेटसमध्ये येत नाहीत. मुलाचं क्रेडिट (२०२५ साठी २,२०० डॉलर) कमी व्हायला लागतं ते जॉइंट रिटर्नला ४,००,००० डॉलरच्या वर, सर्व्हायव्हिंग स्पाउसला मात्र २,००,००० च्या वर. त्या क्रेडिटसाठी मुलाकडे नोकरीला चालणारा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. एच-४ (एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वरचं मूल आयटीआयएनवर, म्हणजे फक्त टॅक्ससाठी दिलेल्या नंबरवर, असेल तर ५०० डॉलरचंच क्रेडिट मिळतं, पण तेवढ्याने स्टेटस जात नाही.

तिसरं वर्ष, आणि आई-बाबांचा गैरसमज

दोन वर्षं संपली आणि मूल अजून घरात आहे, तर हेड ऑफ हाउसहोल्ड. इथे मूल निम्म्याहून जास्त वर्ष घरात असलं तरी पुरतं. २०२५ साठी स्टँडर्ड डिडक्शन २३,६२५.

हेड ऑफ हाउसहोल्ड आई-वडिलांच्या आधारावरही मिळतं, आणि त्यासाठी ते तुमच्याच घरात राहायला हवेत असंही नाही. हे वाचून पुष्कळ जण ‘आईला दर महिन्याला पैसे पाठवतो, तिचं कोल्हापूरचं घर मीच चालवतो’ म्हणून खूण करतात. ती चालत नाही. डिपेंडंट हा अमेरिकेचा नागरिक, नॅशनल किंवा टॅक्सच्या दृष्टीने रहिवासी असावा लागतो, नाहीतर कॅनडा-मेक्सिकोचा रहिवासी. भारतात राहणारी भारतीय आई यात बसत नाही, मग कितीही पैसे पाठवा. ग्रीन कार्ड घेऊन तुमच्याकडे राहणारी, स्वतःचं उत्पन्न मर्यादेच्या आत असलेली आई बसू शकते.

मूल नसेल, किंवा मुलं मोठी होऊन वेगळी राहत असतील

मग मृत्यूच्या वर्षानंतर थेट सिंगल. मधली दोन वर्षं नाहीत. निवृत्त जोडप्यातल्या एकाला याचा चटका जोरात बसतो. घरखर्च निम्मा होत नाही, टॅक्सचे टप्पे मात्र जवळपास निम्मे होतात. म्हणून मृत्यूच्या वर्षाचा ३१ डिसेंबर त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा. जोडप्याच्या दराने टॅक्स भरायची ती शेवटची संधी. आयआरए या निवृत्तीच्या खात्यातून काही रक्कम रॉथ खात्यात (आता टॅक्स भरून पुढे करमुक्त काढायचं) वळवायची किंवा नफ्यातले शेअर विकायचे मनात असेल तर त्याच वर्षी करून पाहण्यासारखं आहे. गेलेल्या व्यक्तीच्या नावावर मागच्या वर्षांतला शेअरचा तोटा पुढे ओढत आणलेला असेल, तर तो तिच्या शेवटच्या रिटर्नमध्येच वापरता येतो. तुमच्या पुढच्या वर्षांत तो येत नाही, संपतो. त्यामुळे तोटा किती शिल्लक आहे हे आदल्या वर्षाच्या रिटर्नमधल्या शेड्यूल डीवरून (शेअरच्या नफा-तोट्याचं पान) डिसेंबरच्या आत बघा.

घर विकायचं असेल तर आणखी एक मुदत आहे, आणि ही खरोखर तारखेपासून मोजायची. जोडप्याला घराच्या नफ्यातले ५,००,००० डॉलर वगळता येतात, एकट्याला २,५०,०००. मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत विकलं, दुसरं लग्न केलेलं नसलं आणि मृत्यूच्या आधी मालकी-वास्तव्याच्या अटी पूर्ण होत्या, तर ५,००,००० मिळतात. विकण्याआधी मृत्यूच्या दिवसाच्या बाजारभावाचं अप्रेझल जरूर करून घ्या. टॅक्सच्या हिशेबात जोडीदाराच्या हिश्श्याची खरेदी किंमत त्या दिवशीच्या बाजारभावाइतकी धरली जाते. कॅलिफोर्निया, टेक्सस, वॉशिंग्टनसारख्या कम्युनिटी प्रॉपर्टी राज्यांत (जिथे लग्नानंतरची मिळकत दोघांची समान मानतात) अशा घराच्या दोन्ही हिश्श्यांची तशी धरली जाते, त्यामुळे नफा फारसा उरतच नाही.

व्हिसावर असलेल्यांसाठी

जोडीदार कधी अमेरिकेत आलाच नव्हता, टॅक्सच्या दृष्टीने नॉनरेसिडेंट होता, तर त्याला रहिवासी धरण्याची निवड दोघांच्या सहीने केलेली असेल तरच जॉइंट रिटर्न. ती निवड मृत्यूनंतरच्या वर्षापासून संपते. पण मागे राहिलेली व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी असेल आणि सर्व्हायव्हिंग स्पाउसच्या दरांना पात्र असेल, तर ती दोन वर्षं निवड चालू राहते.

उलट बाजू जास्त कठीण. एच-४ चं स्टेटस जोडीदाराच्या एच-१बी वर उभं असतं. तो गेला की इमिग्रेशनचं वेगळं पाहावं लागतं, आणि अनेक कुटुंबं भारतात परततात. परतल्यावर नॉनरेसिडेंट झालात तर हेड ऑफ हाउसहोल्ड मिळत नाही. ज्या वर्षी निघालात ते ड्युअल-स्टेटसचं (काही भाग रहिवासी, काही भाग नॉनरेसिडेंट) ठरलं तर स्टँडर्ड डिडक्शनही नाही. मात्र भारतात परतलो म्हणजे लगेच नॉनरेसिडेंट झालो, असं धरून चालू नका. दिवस मोजताना चालू वर्षाचे सगळे, आदल्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश धरतात. दोन वर्षं पूर्ण अमेरिकेत राहून तिसऱ्या वर्षी घर आवरायला ४० दिवस राहिलात, तरी बेरीज २०० च्या वर जाते. १८३ ची रेषा ओलांडली जाते आणि भारताशी जवळचा संबंध फॉर्म ८८४० भरून दाखवावा लागतो.

नोकरीच्या ठिकाणी आणि जुन्या रिटर्नमध्ये

स्टेटस बदललं की पगारातून कापला जाणारा टॅक्सही बदलायला हवा. पगारातून किती टॅक्स कापायचा हे कंपनीला सांगणाऱ्या फॉर्म डब्ल्यू-४ वर जॉइंट आणि सर्व्हायव्हिंग स्पाउस यांचा चौकोन एकच आहे, म्हणून मृत्यूचं वर्ष धरून पहिल्या तीन वर्षांत हात लावायची गरज पडत नाही आणि नेमकं म्हणूनच पुढे विसरलं जातं. सर्व्हायव्हिंग स्पाउसचं दुसरं वर्ष संपलं की जानेवारीतच एचआरकडे नवा डब्ल्यू-४ द्या. नाहीतर वर्षभर कमी कापला जातो आणि पुढच्या एप्रिलमध्ये चार-पाच हजार डॉलरचं बिल दंडासकट येतं. जोडीदाराचा पगार थांबूनही डब्ल्यू-४ वर ‘दोन नोकऱ्या’ची खूण उरली असेल तर ती मात्र लगेच काढा, नाहीतर उगाच जास्त कापतात.

मागच्या एखाद्या वर्षी सिंगल म्हणून रिटर्न भरून झाला असेल तरी पैसे गेले असं नाही. फॉर्म १०४०-एक्स भरून स्टेटस दुरुस्त करता येतं. रिफंडसाठी मुदत रिटर्न भरल्यापासून तीन वर्षं किंवा टॅक्स भरल्यापासून दोन वर्षं, यातली जी नंतर संपेल ती. फॉर्मच्या खुलाशाच्या जागेत जोडीदाराच्या मृत्यूची तारीख, मुलाचं नाव आणि ते वर्षभर घरी राहिल्याचं दोन ओळींत लिहा. शाळेचं पत्र आणि भाड्याचा करार हाताशी ठेवा, विचारणा आली तर तेच मागतात. राज्याचा रिटर्नही तसाच दुरुस्त करायला विसरू नका. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया यांचे स्वतःचे फॉर्म आहेत आणि तिथला रिफंड वेगळा मागावा लागतो.